वहिनींची जेली आणि शारजाचा दुकानदार

"काकू, हलालला किती पडतात हो?"

वहिनी गडग्यावर कोपरं टेकून उभ्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण सगळी आळी वहिनी म्हणते म्हणून मीही म्हणते. मी कढीपत्ता तोडत होते.

"कशाच्या हलालला? कोंबडीच्या?"

"नाही हो. चकलीच्या."

आता रत्नागिरीत राहून माणसाने बरंच काही ऐकलेलं असतं, पण चकली हलाल करायची कशी, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पाला खाली ठेवला आणि गडग्याजवळ गेले. सकाळच्या कामांचं जे व्हायचं ते झालं.

हकिगत अशी. वहिनींचा पाच बायकांचा बचतगट. चकली, गरम मसाला, आंबावडी, नानकटाई आणि गेल्या उन्हाळ्यापासून करवंदाची जेली. ही जेली वहिनींची लाडकी. प्लास्टिकच्या छोट्या वाट्या, वर गुलाबी लेबल, पोरं त्यावर तुटून पडतात. गटातल्या एकीच्या भावाने खोकाभर माल शारजाला नेला. त्याच्या खोलीखाली एका मल्याळी माणसाचं किराणा दुकान आहे, त्याला तो आवडला. त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, 'महिन्याला किती देऊ शकाल? हलाल आहे का?' त्याला उत्तर जायच्या आत मुंबईहून दुसऱ्याच कोणाचा फोन. मॅडम, एक्स्पोर्ट करताय ना, हलाल लागणारच. मालाचे फोटो पाठवा, पैसे पाठवा, आठ दिवसांत सर्टिफिकेट घरपोच.

"त्याला तुमचा नंबर कुठे मिळाला?"

"पाकिटावर छापलाय की. आणि गटाच्या फेसबुकावर टाकलं होतं आम्ही, शारजाचं."

तिथेच सगळं आलं. माझी उभी नोकरी वाशीला एका मसाला निर्यात करणाऱ्या पेढीत कागद सांभाळण्यात गेली. फायटो सर्टिफिकेट, ओरिजिनचं सर्टिफिकेट, हलाल, कोशेर, सगळ्यांच्या फायली माझ्या कपाटात. त्यामुळे मला शिक्क्यांतलं थोडं कळतं, आणि आळीला वाटतं सगळंच कळतं.

"दुकानदार म्हणतो 'आहे का?' आणि फोनवाला म्हणतो 'लागणारच'. यातलं खरं कोणाचं धरायचं?"

"लागत असेल ना, तिकडे सगळे मुसलमानच."

"तिकडचे सगळे? मग त्या दुकानात केळ्याचे वेफर्स घेणारे कोण?" हा आवाज तिसऱ्याच बाजूने आला. भाभी. त्यांची बाग आमच्या मागच्या बाजूला, मध्ये नुसती मेंदीची वई. भाभींचे यजमान बावीस वर्षं कुवेतला होते, त्यामुळे आखातावर बोलायचा पहिला मान त्यांचा. सुकत घातलेले सोडे तसेच उन्हात टाकून त्या वईपाशी आल्या. "अगो, मी तुझ्या सासूच्या हातची चकली लग्न होऊन आले तेव्हापासून खातेय. मला कोणी सर्टिफिकेट दाखवलं नव्हतं."

"तेच म्हणते मी, भाभी. तांदूळ, डाळ, तेल, तीळ. यात हराम काय असणार?"

"तेलात तळलंय कशाच्या ते बघ," भाभी म्हणाल्या. "त्याच कढईत दुसरं काय तळलं ते बघ. बाकी काही नाही."

माझ्या मते भाभींनी दोन वाक्यांत निम्मं ऑडिट उरकलं. तपासायला येतात तेव्हा साधारण दोन माणसं असतात, एक अन्नतंत्रातला आणि एक शरियतचा जाणकार. ते पदार्थाची चव बघत नाहीत. कच्चा माल कोणाकडून येतो, त्या पुरवठादाराचा कागद कुठे आहे, कढई, परात, साचे वेगळे की एकच, कोठीत काय काय ठेवलंय, कोणत्या दिवशी काय केलं याची वही आहे का, हे बघतात. केक-बिस्किटांवर दूध-अंडं लावायचा ब्रश कशाच्या केसांचा आहे तेसुद्धा विचारतात, कारण काही ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. मिळालेलं सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी एका वर्षाचं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा फी. फोटो बघून घरपोच देणारा नेमकं काय तपासणार होता, देव जाणे.

"पण काकू, आमच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना. शुद्ध शाकाहारी. मग आणखी काय पाहिजे?"

हा प्रश्न चांगला होता. हिरव्या ठिपक्याने मोठं काम होतं, हे मान्य केलं पाहिजे. पाकिटावर बारीक अक्षरात इमल्सिफायर ४७१ लिहिलेलं असतं, ती चरबी वनस्पतीचीही असू शकते आणि जनावराचीही. आपल्याकडे हिरवा ठिपका असला की ती वनस्पतीचीच धरायची. १२० नंबरचा लाल रंग एका किड्यापासून काढतात. त्याबद्दल खुद्द मौलवींतही मतभेद आहेत, पण हिरव्या ठिपक्याच्या मालात तो येतच नाही. म्हणजे बहुतेक भानगडी तिथेच मिटतात. एक मात्र राहते. दारू. शाकाहाराच्या नियमाला अल्कोहोलचं वावडं नाही.

"माझ्या मालात दारू?" वहिनी एकदम ताठ.

"नानकटाईत व्हॅनिला घालता ना? बाटली आणा बघू."

बाटली आली. चष्मा लावला. काही इसेन्स अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, काही प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये. वहिनींचा दुसऱ्या जातीचा निघाला. सुटल्या. तरी भाभी म्हणाल्याच, नानकटाईत वेलची-जायफळ घालायचं सोडून हा बाटलीतला वास कशाला. यावर माझंही तेच मत आहे, पण ते हलालशी संबंधित नाही.

"आता जेलीचं सांगा. ती घट्ट कशाने होते?"

"जिलेटिनने. केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं ना, किलोच्या पुड्यात."

मी भाभींकडे बघितलं. भाभींनी माझ्याकडे. मग भाभी खाली बघून सोडे वेचू लागल्या, म्हणजे हसू आवरू लागल्या.

"वहिनी, जिलेटिन जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं असतं."

"शी!"

"शी काय, आहे ते आहे. गाई-म्हशीचंही असतं आणि डुकराचंही. पुड्यावर लिहिलेलं नसेल तर कळायला मार्ग नाही. आणि हलालचं जाऊ दे, तुमच्या जेलीवर तो हिरवा ठिपका छापलाच कसा?"

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या डोळ्यांसमोरून कोण कोण गेलं असेल ते मला माहीत होतं, कारण माझ्याही डोळ्यांसमोरून तेच गेलं. कोपऱ्यावरच्या दोन वयस्क बहिणी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, आणि संकष्टीला दुपारी फराळ म्हणून या जेलीच्या वाट्या. डझनभर न्यायच्या.

"त्यांना सांगायचं नाही हं," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही नाही सांगत," भाभी म्हणाल्या. भाभींच्या तोंडून गोष्ट बाहेर जात नाही ही ख्याती आहे. माझ्याबद्दल असं कोणी म्हणत नाही.

उपाय तसा घरातलाच. चायना ग्रास. समुद्री शेवाळाचं, रमजानात भाभींकडे दुधात घालून वड्या पाडतात त्याचं. घट्टही होतं आणि हिरवा ठिपकाही खरा ठरतो. फक्त जिलेटिनसारखं लुसलुशीत होत नाही, जरा ठिसूळ राहतं. वहिनींनी नाक मुरडलं, पण त्याच संध्याकाळी पुडा आणला.

मी त्यांना इंडोनेशियातली अजिनोमोटोची गोष्ट सांगितली. ऑफिसात नव्या आलेल्या पोरांना मी हीच सांगायचे. २००१ सालच्या जानेवारीत तिथल्या बाजारातून या कंपनीची पावडर परत मागवावी लागली, हजारो टन. पावडरीत डुकराचं काही नव्हतं. पण ती पावडर जिवाणूंकडून करून घेतात, आणि त्या जिवाणूंना जे खाद्य लागतं ते तयार करताना डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलं होतं. कंपनीने मधल्या काळात खाद्य बदललं होतं आणि सर्टिफिकेटच्या फेरतपासणीत ते उघड झालं. तिथल्या उलेमा कौन्सिलने हराम ठरवलं. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे धर्मपंडित, ते म्हणाले खायला हरकत नाही, अंतिम मालात ते उतरत नाही. लोकांनी ऐकलं कौन्सिलचं. कंपनीने खाद्य पुन्हा बदललं, मग शिक्का परत मिळाला.

"म्हणजे मालात नसलं तरी वाटेत होतं म्हणून?" वहिनी.

"वाटेत होतं, आणि बदललं ते सांगितलं नाही म्हणून. तुम्ही जिलेटिनचा दुकानदार बदलता तेव्हा कोणाला सांगता?"

त्या इंडोनेशियाचं पुढचंही ऐकण्यासारखं आहे. २०१४ साली त्यांनी कायदाच केला आणि १७ ऑक्टोबर २०२४पासून मोठ्या-मध्यम खाद्य कंपन्यांना हलाल सर्टिफिकेट सक्तीचं झालं. छोट्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पडला. रस्त्यारस्त्यावर तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या विकणारे, कुरडयांसारखे क्रुपुक तळणारे, त्यांचं ऑडिट करायला माणसं आणणार कुठून? म्हणून अगदी छोट्यांना १७ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत दिली. ज्यांचा माल साधा, भानगडीच्या वस्तू नसलेला, त्यांनी स्वतः लिहून द्यायचं, एक प्रशिक्षित माणूस घरी येऊन बघून जातो, आणि ठरावीक संख्येपर्यंत हे सरकार फुकट करून देतं. हराम माल विकायला बंदी नाही, पण तसं पाकिटावर लिहायचं.

"आपल्याकडे नाही का असं फुकट?"

आपल्याकडे सक्तीच नाही, तर फुकट कुठून येणार. सक्तीचं आहे ते एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं. वर्षाची उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी, फीही किरकोळ. हलाल ऐच्छिक आहे आणि ते देणाऱ्या संस्था खासगी. दिल्लीला जमियत उलेमा-ए-हिंदचा हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया, मुंबईतही आहेत. प्रत्येकीची फी वेगळी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीचा शिक्का चालतो तो देश वेगळा. मलेशियाचं जाकिम नावाचं सरकारी खातं आहे, ते परदेशातल्या कोणकोणत्या संस्था मानायच्या याची यादी ठेवतं. यादीत नाव नसलेल्या संस्थेचा कागद तिथे नेला तर तो कागदच. आमच्या ऑफिसात नवी ऑर्डर आली की मी पहिलं पत्र गिऱ्हाइकाला लिहायचे: तुमच्याकडे कोणाचा शिक्का मानतात ते लेखी कळवा. उत्तर येईपर्यंत कोणालाही एक रुपया द्यायचा नाही. साहेब चिडायचे, उशीर होतोय म्हणून. मी ऐकत नसे.

एवढ्यात नाना आले. नाना म्हणजे समोरच्या घरातले, पेपर वाचून झाल्यावर तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना अंघोळ लागू पडत नाही.

"हलाल? चकलीला? आणि आपण पैसे भरायचे? ते पैसे जातात कुठे, विचारलंत? योगींनी बरोबर केलं."

२०२३च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशाने हलाल शिक्क्याच्या मालाचं उत्पादन, साठा, विक्री सगळं बंद केलं, ते नानांना तारखेसह पाठ होतं, अठरा. निर्यातीचा माल त्यातून वगळला होता हे मात्र नाना सोडून देतात. प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. त्याच वर्षी जुलैत वंदे भारत गाडीतला एक व्हिडिओ फिरला होता, चहाच्या पुडीवर हलाल लिहिलेलं बघून प्रवासी चिडला आणि गाडीतला कर्मचारी बिचारा समजावत राहिला की साहेब, चहा शाकाहारीच असतो. आणि २०२५च्या मार्चात आपले मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी मल्हार सर्टिफिकेशन काढलं. म्हणजे शिक्क्याला शिक्का.

"नाना, पैसे जातात कुठे हा प्रश्न बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच आहे. खासगी संस्था फी घेते तर तिचा हिशेब, तिची तपासणीची पद्धत उघड्यावर असावी, यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. गिऱ्हाइकालाही बरं आणि फी भरणाऱ्यालाही बरं. "पण दुकानदार शारजात, खाणारा शारजात, विकणारी रत्नागिरीत. त्याने कागद मागितला आणि हिला परवडला तर ती देईल. मधे तुमचं काय जातं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमच्या कोल्हापूरच्या साडूंकडे जत्रेला बकरं कोण कापायचं?"

नाना गप्प. माझं माहेर साताऱ्याकडचं, मला माहीत आहे. देव म्हसोबा, नवस मराठ्यांचा, आणि सुरी गावच्या मुलाण्याची. बलुत्यात त्याचा वाटा ठरलेला होता, तो कापायला आल्याशिवाय आजोबा बकऱ्याला हात लावू देत नसत. त्या मटणावर आम्ही वाढलो. नाना म्हणाले, तो काळ वेगळा. म्हटलं असेल.

भाभींनी मग आपलं घोडं पुढे दामटलं. त्यांचे खिम्याचे पॅटिस मुंबईत चुलतसासऱ्यांकडे बर्फात घालून जातात. "मग शारजाला माझे पॅटिसही पाठवा. माझ्याकडे तर सगळंच हलाल, सर्टिफिकेटची कटकटच नाही."

इथे मला भाभींचं मन मोडावं लागलं. मांसाचं वेगळंच आहे. ते निर्यात करायचं तर अपेडाकडे नोंदलेल्या कारखान्यातलंच लागतं, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. शिवाय केंद्राच्या विदेश व्यापार खात्याने २०२३च्या एप्रिलात हलाल मांसाच्या निर्यातीसाठी नियम काढले, आणि १६ ऑक्टोबर २०२४पासून सौदी, अमिराती, कुवेत, मलेशिया, इंडोनेशिया अशा पंधरा देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर क्वालिटी कौन्सिलच्या मंडळाने मान्य केलेल्या संस्थेचंच सर्टिफिकेट हवं. बघा, चकलीला जिथे कोणी विचारत नाही तिथे फोनवाले मागे लागतात, आणि जिथे खरोखर कायदा आहे तिथे भाभींच्या चुलीला प्रवेशच नाही.

"म्हणजे माझा खिमा मुंबईपर्यंतच हलाल," भाभी म्हणाल्या. "असू दे. तेवढं पुरे."

आमच्या ऑफिसात कोशेरच्या फायलीही होत्या, ज्यू गिऱ्हाइकांसाठी. तपासायला आलेल्या माणसाने भांड्यांवर उकळतं पाणी ओतून घेतलं होतं. नानांना मी तेही सांगितलं, की तिकडे अलिबागच्या बाजूला बेने इस्रायली तेली होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेलीच म्हणायचे. ते तेल सगळ्यांनी खाल्लं. नाना म्हणाले, तुम्ही विषय बदलता. बदलतेच मी.

संध्याकाळी शारजाला उत्तर लिहिलं. लिहिलं मी, पाठवलं वहिनींनी. कोणकोणता माल, त्यात काय काय आहे, आणि प्रश्न एकच: तुम्हाला सर्टिफिकेट कशाकशाला लागतं आणि कोणत्या संस्थेचं चालतं? फोनवाल्यालाही वहिनींनी हाच प्रश्न विचारला, तुमची संस्था कुठल्या देशाच्या यादीत आहे ते पाठवा. तो म्हणाला मॅडम, ऑल वर्ल्ड. यादी काही आली नाही.

दोन दिवसांनी दुकानदाराचं उत्तर आलं. मसाला आणि चकलीला त्याला काही नको होतं, फक्त घटकांची यादी, इंग्रजीत आणि अरबीत, पाकिटावर छापलेली. एफएसएसएआयचा नंबर. जेली आणि नानकटाईला मात्र त्याने सर्टिफिकेट मागितलं, जेली म्हटलं की गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं म्हणाला, आणि चालणाऱ्या संस्थांची नावंही दिली. शहाणा माणूस.

मग खरी अडचण निघाली. वहिनी म्हणाल्या, सर्टिफिकेट घेऊ दोनच पदार्थांचं, फी पाचजणींत वाटू. मी विचारलं, जेली करतं कोण? तर दोघी करतात, आपापल्या घरी. नानकटाई तिघी, एकीकडे ओव्हन आहे, दुसऱ्या दोघी पाळीपाळीने तिच्याकडे जातात. चकली एकीची, पण ज्या घरी सोय असेल त्या घरी. बचतगट असाच चालतो, दुपारच्या मोकळ्या तासाभरात. पण तपासणारा जागा तपासतो. कागदावर जो पत्ता, तिथलाच माल त्या शिक्क्याचा. एफएसएसएआयचंही तेच, नोंदणी जागेची असते, आणि पाच घरांत मिळून यांची नोंदणी एकच, वहिनींच्या नावावर.

"माझ्या स्वयंपाकघराचा पत्ता देऊ या मग. मोठं आहे."

"फडताळात तुझ्या नवऱ्याची बाटली असते ती?" भाभींनी वईपलीकडून विचारलं.

वहिनी लाल झाल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"रिकामी झाली की फणसाच्या मुळाशी येते ना. आमच्या बाजूला."

बाटली हलवता येते. रविवारची भांडी मात्र हलत नाहीत, तीच परात, तोच मिक्सर. शेवटी गटाची बैठक झाली आणि बाजारपेठेतला बंद पडलेला झेरॉक्सचा गाळा बघून आल्या पाचजणी. पाणी आहे, मोरी आहे, खिडकीला जाळी लावावी लागेल. भाड्यावर अडलंय. जेलीवाल्या दोघी म्हणतात पाचजणींनी सारखं भरायचं, चकलीवाली म्हणते माझ्या चकलीला कागद लागत नाही, मी का भरू. चकलीवाली म्हणजे वहिनींची सख्खी जाऊ. तेव्हा कालपासून दोघी जावा बोलत नाहीत, आणि निरोप माझ्या गडग्यावरून जातायत.